बिडाचा सज्जा: चेल्टनहॅममधल्या दोनशे वर्षांच्या घराची दुरुस्ती

डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात इथे कडाक्याची थंडी पडली होती. थंडी ओसरली त्या सकाळी तळघरात राहणाऱ्या आमच्या शेजारीणबाई दार वाजवत वर आल्या. हातातल्या रुमालात लोखंडाचं एक पान होतं, माझ्या तळहाताएवढं. रात्री त्यांच्या खिडकीसमोर पडलं होतं. मोडलेल्या कडेला राखाडी, खरबरीत कण चमकत होते. ती कड बघितली आणि मला ओळख पटली. हे बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आमच्या कोल्हापूरच्या घरात बिडाचा तवा असाच पडून तडकला होता, तेव्हा आतला रंग हाच दिसला होता. आप्पा तेव्हा म्हणाले होते, "बीड वाकत न्हाई, मोडतंय."

पान आमच्या सज्ज्याच्या कठड्याचं होतं. ते पडल्यापासून कठडा पुन्हा जागेवर बसेपर्यंत दीड वर्ष गेलं. जुन्या, सरकारी सूचीत नोंदलेल्या घरात राहणारे मराठी लोक इंग्लंडात बरेच आहेत, आणि कौन्सिलचं पहिलं पत्र आलं की आपल्यासारख्याला धडकी भरते. म्हणून जे घडलं ते तारीखवार लिहितेय.

आधी घराविषयी. चेल्टनहॅमला १७८८ साली राजा तिसरा जॉर्ज औषधी पाण्यासाठी येऊन राहिला आणि या गावाचं नशीब पालटलं. पुढच्या पन्नासेक वर्षांत इथे पांढऱ्या घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून परतलेले कितीतरी अधिकारी इथे येऊन स्थायिक झाले. छप्पर असलेल्या सज्ज्याला इथले लोक 'व्हरांडा' म्हणतात, तो शब्दही हिंदुस्थानातूनच बोटीत बसून आलेला. आमची ओळ १८२० च्या दशकातली. भिंती विटांच्या, वरून दगडासारख्या रेघा मारलेला गिलावा, जमिनीखाली तळघर, आणि तळघराला उजेड मिळावा म्हणून समोर खोल मोकळी जागा. त्या जागेला इथे 'एरिया' म्हणतात, आणि तिच्यात कुणी पडू नये म्हणून रस्त्याच्या बाजूला भाल्याच्या टोकांचे कठडे. बैठकीची खोली पहिल्या मजल्यावर, तिच्या तीन खिडक्या थेट जमिनीपर्यंत, आणि तिन्ही खिडक्यांपुढून जाणारा एकच लांब सज्जा. सज्जाच्या कठड्यात अकरा जाळ्या. प्रत्येक जाळीत एकात एक बसलेली दोन हृदयं आणि वर हनीसकल फुलाचा पंखा. हा नमुना या गावात पावलोपावली दिसतो. स्कॉटलंडात फॉल्कर्कजवळ १७५९ मध्ये सुरू झालेला कॅरन कारखाना तोफांसाठी प्रसिद्ध होता, त्याच्याच साच्यांतून हृदय-हनीसकलच्या जाळ्याही निघत. नमुन्यांच्या छापील वह्या निघाल्या होत्या. बांधकाम करणाऱ्यानं पान उघडायचं आणि हव्या तितक्या जाळ्या मागवायच्या. एका लाकडी पॅटर्नवरून, म्हणजे साचा घ्यायच्या नमुन्यावरून, शेकडो नग ओतता येतात, म्हणून तर साध्या सावकाराच्या घरालाही राजवाड्याची नक्षी परवडली.

घराच्या चार मजल्यांचे आता चार फ्लॅट आहेत. मूळ जागेची मालकी एका छोट्या कंपनीकडे आहे आणि आम्ही चौघे तिचे भागीदार. पूर्ण इमारत ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी सूचीतली. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची ही सूची कुणालाही फुकट बघता येते. आमच्या नोंदीत सज्जाचा उल्लेख आहे, पण नसता तरी फरक पडला नसता. अशा जुन्या नोंदीत काय लिहिलंय ते फक्त ओळख पटवण्यासाठी असतं. संरक्षण संपूर्ण इमारतीला, आतल्या जिन्यापासून बाहेरच्या खिळ्यापर्यंत. आम्ही घर घेतलं तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं.

११ जानेवारी २०२३ ला जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या इंजिनियरबाई आल्या. विमा कंपनीला कळवा, आजपासून सज्जावर कुणी पाऊल टाकायचं नाही आणि खालच्या एरियात येण्याजाण्याची वाट बाजूनं ठेवा, हे त्यांनी दारातच सांगितलं. मग शिडी लावून दोन तास बघितलं. जाळ्या बिडाच्या, पण त्यांना धरणारे उभे खांब आणि वरची दांडी घडीव लोखंडाची. दोन्ही लोखंडंच, स्वभाव मात्र वेगळे. बीड ओततात, त्याला दाब सोसतो, ताण सोसत नाही. घडीव लोखंड लोहार तापवून ठोकतो, त्यात लाकडासारखे धागे असतात आणि ते वाकतं. खांबांची टोकं सज्जाच्या दगडात भोकं पाडून, वर वितळलेलं शिसं ओतून बसवलेली. शिशाच्या कडेनं फट पडली, पाणी आत गेलं आणि गंज चढला. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या फुगवट्यानं तीन ठिकाणी दगड फुटला होता, खांब तिरके झाले होते, आणि तिरक्या खांबांमध्ये अडकलेल्या जाळ्यांवर ताण आला होता. म्हणजे पान थंडीनं पडलं नव्हतं. ते खाली दगडातल्या गंजानं पडलं होतं. अहवालाचे ७८० पौंड झाले. सगळ्या प्रवासात सर्वात उपयोगी पडलेला खर्च तोच, कारण पुढे प्रत्येक कागदाला तो अहवाल जोडावा लागला.

त्याच आठवड्यात एक वेल्डर येऊन गेला. जुनं सगळं कापून पोलादाचा नवा कठडा, लांबून तस्साच दिसेल, आठवड्यात काम, ३,२०० पौंड. चौघांपैकी दोघांना ते पटलंही. मलाही त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या महिन्यात आमच्याकडे पैशाची ओढ होती. पण लिस्टेड इमारतीत असा बदल परवानगीशिवाय करणं हा १९९० च्या कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हा आहे. दंडाला मर्यादा नाही आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जसंच्या तसं, त्याच सामानानं आणि त्याच पद्धतीनं केलेल्या डागडुजीला बहुतेक वेळा परवानगी लागत नाही. आमच्या कामात मात्र सगळा कठडा उतरवायचा होता आणि काही जाळ्या नव्या ओतायच्या होत्या. अशा वेळी आपण ठरवू नये, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, लेखी विचारावं.

मार्चमध्ये चार शेजाऱ्यांत कागद फिरले. भाडेपट्ट्याच्या फ्लॅटमध्ये एखाद्या कामाचा बोजा कुणा एकावर २५० पौंडांच्या वर जाणार असेल, तर 'सेक्शन २०' ची नोटीस द्यावी लागते: आधी कामाचं स्वरूप कळवून तीस दिवस, मग किमान दोन अंदाजपत्रकं दाखवून पुन्हा तीस दिवस. आम्हीच मालक आणि आम्हीच भाडेकरू, तरीही. नोटीस चुकली तर कंपनीला प्रत्येकाकडून २५० च्या वर मागता येत नाही. आम्ही चहा पीत एकमेकांना नोटिसा दिल्या, तारखा घातल्या, सह्या घेतल्या.

जुन्या लोखंडकामात मुरलेले लोहार शोधायला एप्रिल गेला. नॅशनल हेरिटेज आयर्नवर्क ग्रुप या संस्थेनं दुरुस्तीची तत्त्वं लिहून ठेवली आहेत. ती वाचून मी लोहारांना विचारायचे प्रश्न तयार केले. तिघे येऊन गेले. आम्ही ज्यांना काम दिलं, त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढलं आणि जाळीजाळीला लावत चालले. टक, टक, टक. नवव्या जाळीला चुंबक चिकटलं नाही. पुन्हा लावलं. खाली घसरलं. ती जाळी फायबरग्लासची निघाली. वरून काळा रंग, नक्षी तीच, वजन काहीच नाही. आधीच्या कुणा मालकानं कधीतरी बसवलेली. लिस्टेड इमारतीतल्या विनापरवाना बदलावर कारवाईला मुदतीचं बंधन नसतं, आणि ते दुरुस्त करायची जबाबदारी घर ज्याच्या ताब्यात येतं त्याच्यावर येते. असं घर घ्यायला जाल तेव्हा फ्रिजवरचं चुंबक खिशात घेऊन जा. वकिलाला आधीच्या परवानग्यांच्या प्रती मागायला सांगा.

फायबरग्लासचं लपवायचं की सांगायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आम्ही सांगितलं. ९ जूनला कौन्सिलचे जुन्या इमारतींचे अधिकारी, म्हणजे कॉन्झर्व्हेशन ऑफिसर, पाहणीला आले तेव्हा नववी जाळी मी स्वतःहून दाखवली. ते म्हणाले, हीच जाळी बिडात परत आणण्याचं काम अर्जात घाला, विषय तिथेच संपेल. अर्जाआधीच्या या सल्ल्याला बऱ्याच ठिकाणी फी असते, पण ती सार्थकी लागते. मी सगळ्या जाळ्या नव्या ओतायचं म्हणत होते, एकसारख्या दिसतील म्हणून. त्यांनी पडलेलं पान हातात घेतलं आणि विचारलं, "हे जोडता येत असताना टाकायचं कशाला?" मोडलेलं बीड साध्या वेल्डिंगनं जोडलं की शेजारीच पुन्हा तडकतं. पण थंड स्थितीतच तड्याच्या आडव्या खाचा पाडून त्यात धातूच्या चाव्या ठोकून टाका घालता येतो. अकरापैकी आठ जाळ्या जशाच्या तशा, एकीला टाके, आणि फक्त दोन नव्या, असं त्या दिवशी सज्जाखाली उभ्याउभ्या ठरलं.

लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या, म्हणजे या परवानगीच्या, अर्जाला फी नसते, हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. मेहनत कागदांत असते. जागेचा १:१२५० नकाशा, सज्जाची १:२० आणि नक्षीची १:५ आरेखनं, दगड फोडून लोखंड कसं काढणार आणि कसं बसवणार याची पायरीपायरीची कार्यपद्धती, इंजिनियरचा अहवाल, आणि हेरिटेज स्टेटमेंट. आरेखनांना ६०० पौंड दिले. हेरिटेज स्टेटमेंट मी स्वतः लिहिलं, चार रविवार खर्ची घालून. त्यात गावाचा इतिहास पानभर लिहू नका, त्यांना तो पाठ असतो. त्यांना हवं असतं ते इतकंच: तुमच्या घराच्या या भागात मोलाचं काय, तुमच्या कामानं त्यातलं किती जाणार, आणि ते जाणं टाळता का येत नाही. मी प्रत्येक जाळीला क्रमांक दिला आणि क्रमांकवार फोटो, दोष, उपाय असा तक्ता केला. ऑफिसरांनी नंतर फोनवर त्या तक्त्याबद्दलच आभार मानले.

२४ जुलैला अर्ज पाठवला आणि आठवड्यात परत आला. चूक माझी. मालकीच्या प्रमाणपत्रात मी 'सर्टिफिकेट ए' निवडलं होतं, म्हणजे सगळी जागा अर्जदाराच्या एकट्याच्या मालकीची. पण किमान सात वर्षांचा पट्टा शिल्लक असलेला प्रत्येक भाडेकरू या कायद्यात मालकच धरला जातो. कंपनीच्या नावानं अर्ज, सगळ्या फ्लॅटधारकांना नोटीस आणि 'सर्टिफिकेट बी', असं सगळं पुन्हा केलं. १४ ऑगस्टला अर्ज ग्राह्य धरला गेला. कौन्सिलला निर्णयासाठी असलेल्या आठ आठवड्यांची घड्याळं त्या दिवसापासून चालू होतात, पाठवल्या दिवसापासून नाही. फाटकाजवळ सूचना लागली, एकवीस दिवस हरकती मागवल्या गेल्या. समोरच्या घरातून एक पत्र आलं, काम नीट होतंय याचं समाधान कळवणारं. ते मी ठेवून दिलंय.

६ ऑक्टोबरला परवानगी आली. तीन वर्षांची मुदत आणि दोन अटी: नव्या जाळीचा पूर्ण आकाराचा नमुना आधी दाखवायचा, आणि रंगाच्या थरांची तपासणी करून रंग मंजूर करून घ्यायचा. परवानगी हातात आली म्हणजे काम सुरू करता येतं असं मला वाटलं होतं. अटी असतील तर त्या लेखी पूर्ण झाल्याशिवाय हात लावायचा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर 'सेक्शन २०' च्या दुसऱ्या, अंदाजपत्रकांच्या नोटिशीच्या तीस दिवसांत गेले, आणि सगळ्यात चांगल्या स्थितीतली सहावी जाळी पॅटर्नसाठी उतरवली गेली.

आणि मग जानेवारी २०२४ मधला फाउंड्रीचा दिवस. आप्पांनी चौतीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डिंगचं काम केलं. लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा त्या काळ्या वाळूचा, जळक्या तेलाचा वास यायचा. इंग्लंडातल्या त्या शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तोच वास आला. मी तिथेच थांबले आणि आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते. त्यांनी चष्मा घातला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं,

"पॅटर्न जुन्याच जाळीवरनं घेतलाय काय?"

"माप तिच्यावरनं घेतलंय आप्पा, पण पॅटर्न वेगळा केलाय."

"श्रिंकेज किती धरलंय?"

मी पॅटर्न करणाऱ्या मास्तरांना विचारलं. एक टक्का. आप्पा हसले. "मग हाय बरोबर. चालू दे."

याचा अर्थ असा. वितळलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आखडतं. जुनी जाळी तशीच वाळूत दाबून साचा घेतला, तर नवी जाळी ८४० मिलिमीटरच्या उंचीत आठ मिलिमीटर कमी भरते. एवढ्यानं हृदयाची टोकं शेजारच्या जाळीशी जुळत नाहीत, वरच्या दांडीखाली फट राहते, आणि त्या फटीत पुन्हा पाणी. म्हणून पॅटर्न एक टक्का मोठा. पुढे कोणत्याही फाउंड्रीत गेलात तर हा एक प्रश्न जरूर विचारा.

साच्याचे दोन अर्धे एकावर एक बसवले, वजनं ठेवली, आणि लेडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, नारिंगी धार आत गेली. सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. दोन तासांनी वाळू फोडली तेव्हा एका पानाचं टोक अर्धवटच भरलेलं दिसलं. बारीक जागी धातू पोचायच्या आधीच थिजला होता. मास्तर काही न बोलता नग बाजूला ठेवून पुन्हा वाळू चाळायला लागले. आप्पा फोनवर होतेच. "पातळ कामाला हे व्हतंयच. जरा गरम वता म्हनावं." दुसऱ्या वेळी बीड जास्त तापवून ओतलं आणि टोक भरलं. नव्या जाळ्यांच्या मागच्या बाजूला, भिंतीकडून दिसेल असं, '२०२४' ओतून घेतलं आहे. उद्या कुणी चुंबक घेऊन आलं तर जुनं कोणतं, नवं कोणतं, हे त्याला शोधत बसायला नको.

रंगाचं थोडक्यात सांगते. तपासणीला ४५० पौंड लागले. सूक्ष्मदर्शकाखाली सतरा थर दिसले, तळाशी मळकट हिरवा. मला तो हिरवा फार आवडला, मी तसा अर्ज केला. ऑफिसरांनी मला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. ओळीतल्या सगळ्या घरांचे सज्जे काळे. ओळ एकच इमारत म्हणून बांधलेली आहे, तिच्यातला एकच सज्जा हिरवा झाला तर ओळ तुटते. तिथून बघितल्यावर ते मला पटलं. काळाच मंजूर झाला. मात्र पाचव्या जाळीच्या मागे रुपयाएवढ्या जागेत सगळे थर तसेच ठेवायला सांगितलं, पुढच्या अभ्यासासाठी. जुन्या रंगात शिसं असतं, तो कोरडा घासू नका आणि लहान मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा.

मार्चमध्ये परांची बांधली. ती आमच्याच आवारात मावली, म्हणून रस्त्याची वेगळी परवानगी लागली नाही. खांबांचं बूड कापून न काढता शिसं तापवून सोडवलं. फुटलेला दगड तेवढाच चौकोनात कोरून त्या मापाचा बाथ स्टोनचा, म्हणजे बाथ भागातल्या चुनखडी दगडाचा, तुकडा बसवला. घडीव लोखंडाच्या खांबांची खालची कुजलेली वीत काढून तिथे जुन्या घडीव लोखंडाचाच जोड दिला. हे लोखंड आता नव्यानं तयार होत नाही, जुनं गोळा करून पुन्हा लाटतात. दगडात जाणारी टोकं स्टेनलेस स्टीलची केली, हा एकच बदल, आणि तो परवानगीत लिहिलेला. १४ जूनला शेवटची जाळी बसली.

लोखंडकाम १७,४००, दगडकाम ३,२५०, परांची २,१००. त्यावर वीस टक्के व्हॅट. लिस्टेड इमारतींच्या मंजूर बदलांना पूर्वी व्हॅट माफ होता, ती सवलत ऑक्टोबर २०१२ मध्ये गेली, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. इंजिनियर, आरेखनं आणि रंगतपासणी धरून एकूण २९,१३० पौंड, प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला ७,२८२ पौंड ५० पेन्स. आम्ही आमचा वाटा दोन वर्षांच्या बचतीतून दिला आणि त्या वर्षी कोल्हापूरला गेलो नाही.

म्हणून ऑगस्टमध्ये आप्पाच इकडे आले. आल्या दिवशी चहा होईपर्यंतही थांबले नाहीत. खिशातलं दहाचं नाणं काढलं आणि खिडकीतून वाकून एकेका जाळीवर हलकेच वाजवत गेले. धड बीड घंटेसारखं वाजतं, आत तडा असेल तर आवाज बसतो. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी थांबले. पुन्हा वाजवलं, कान जवळ नेला. "ही बोलंना." डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी फोटो काढून लोहारांना पाठवला. त्यांनी लगेच कळवलं की एप्रिलमध्ये येऊन पाहतील, तोवर पाऊस झाला की त्या जाळीखाली गंजाची रेघ उतरते का ते बघत राहा. आप्पांनी चौथ्या जाळीला पांढरा दोरा बांधला. तो अजून आहे.